शंभर उद्या

३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! आई, मी, नऊ खोकी आणि 'जावई'. जावई म्हणजे आईचं ऑक्सिजनचं मशीन. दिवसरात्र एका सुरात घुरघुरतं, हवेतून ऑक्सिजन काढून नळीवाटे तिच्या नाकाशी पोचवतं, आणि त्याच्यावाचून तिचं पान हलत नाही. मी लग्न केलं नाही, म्हणून आईनं हौस अशी भागवून घेतली आहे. घाटात ट्रक हेलकावे खात होता, ती स्वतः सिलिंडरवर होती, तरी तीनदा मागे वळून म्हणाली की जावयाला नीट धर गं, पडेल बिचारा.

ट्रक दादानंच चालवला. दादा माझा मावसभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मला सायकल शिकवली ती यानंच, आणि पडल्यावर घरी खोटं सांगितलं तेही यानंच. आठ वर्षं तो इथल्या वीजघरात आहे, गेल्या हिवाळ्याआधी नियोजक झाला. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला की मला आता देखभालीकडे जायचंय, माझी जागा तू घे. राहायला घर, दवाखाना तीन मिनिटांवर, आणि गेल्या नऊ वर्षांत गावाची वीज एकदाही गेलेली नाही! मला आणखी काय हवं? दोन वर्षं मी घरी बसून लोकांच्या मुलांना गणितं शिकवत होते. शहरात महिन्यातून चारदा वीज जायची आणि आईचे ओठ जांभळे होईपर्यंत सिलिंडरवाला फोन उचलायचा नाही. मी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली की विचार कसला करतेस, चल.

घर दोन खोल्यांचं आहे. लाकडी जमीन, मोठी खिडकी, एक चूल. संध्याकाळी समोरच्या वहिनी आल्या, त्या शिलाईचं काम करतात. मागोमाग आणखी चार बायका. सगळ्यांनी जावयाला निरखून पाहिलं आणि एकीनं विचारलं की हे किती वॅट खातं? मला इतकं हसू आलं. बाई भेटली की भाव विचारते, तब्येत विचारते. इथल्या बायका वॅट विचारतात! मी अभिमानानं सांगितलं, साडेतीनशे. वहिनींनी मान हलवली आणि आईच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

५ नोव्हेंबर

रुजू झाले. वीजघर गावाच्या वरच्या टोकाला आहे. गावात घरं त्रेचाळीस, एक शाळा, एक दवाखाना. बाहेरून वीज येत नाही. ओढ्यावरचं जनित्र, टेकडीवरच्या सहा पवनचक्क्या, तळघरातल्या बॅटऱ्या आणि अडीनडीला डिझेल, एवढ्यावर सगळा संसार.

हा संसार चालवतो तो प्रोग्राम बघून मी प्रेमातच पडले. महिनाअखेर आहे, डब्यात तेल थोडं उरलंय, पाहुणे येतील की नाही ठाऊक नाही, अशा वेळी शहाणी बाई पुढच्या चार दिवसांचा बेत करते, पण तेल आजपुरतंच काढते. उद्या पुन्हा डबा बघते आणि नव्यानं बेत करते. हा प्रोग्राम तेच करतो. वारा किती वाहील, थंडी किती पडेल, हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून तो शंभर निरनिराळे उद्या कल्पितो. एकात वारा आहे, एकात नाही, एकात ओढा गोठलाय. त्या शंभरांत निभेल असा बेत काढतो, त्यातला पहिला पाव तास अमलात आणतो आणि बाकीचा फेकून देऊन पुन्हा पहिल्यापासून विचार करतो. दिवसातून शहाण्णव वेळा. माणसं आयुष्यात एकदा करत नाहीत.

पाळीवर एक म्हातारा गृहस्थ असतो, त्याला सगळे गोगलगाय म्हणतात. चहाचा कप टेबलापर्यंत पोचेस्तोवर चहा थंड. पण आकडा वाचायला कधी चुकत नाही.

दुपारी नियोजकाच्या वहीत सही करायचा छोटा समारंभ झाला. गावातली बरीच माणसं आली होती. दादानं स्वतःचं पेन दिलं. मी सही केली आणि टाळ्या पडल्या. एका नोकरीसाठी एवढं कौतुक! वहीतली आधीची पानं बघायला मागितली तर दादा म्हणाला की जुनं काय बघायचं, पुढचं बघ.

९ नोव्हेंबर

आज माझ्या अकलेचा उजेड पाडला आणि तो चांगला पडला.

असल्या प्रोग्राममध्ये सगळ्या अटी आवळून बांधल्या तर कधीकधी उत्तरच निघत नाही. दवाखाना चालू हवा, पंप चालू हवेत, बॅटरी अमुक खाली जायला नको, आणि वीज तर तेवढी नाही. पडद्यावर 'उत्तर नाही' येतं, आणि उत्तर नाही म्हणजे यंत्रणा स्वतःला वाचवायला सगळंच बंद करते. या थंडीत ती परत उभी करायला सहा तास. म्हणून जाणता माणूस एक गाठ सैल ठेवतो. बाकी काही सुटत नसेल तर तेवढी ढिली पडू दे. इथेही ती होती, मीटर ४१ वर. वीज कमी पडली तर पहिल्यांदा एकेचाळीस तोडायचा. पण तिला कुणीतरी मर्यादा घातली होती, दिवसात दोन तासांच्या वर नाही. आता सैल गाठीलाच कुलूप घातल्यावर ती सैल कसली? त्या मर्यादेमुळे शंभरातल्या तीन उद्यांना उत्तर निघत नव्हतं.

मी दादाला विचारलं की एकेचाळीस कुणाचं? इथे घरांना नंबर नाहीत, मीटर खांबावरच्या कुलूपबंद पेट्यांत असतात. यादीत 'मोकळं' लिहिलं होतं. दादा म्हणाला, खालच्या अंगाचं मोकळं घर आहे ते, कोणी राहत नाही तिथे. मग मी मर्यादा काढून टाकली. शंभरच्या शंभर उद्यांना उत्तर! दादा माझ्या खुर्चीमागे उभा होता. त्यानं लहानपणीसारखा डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, चिंगे, माझ्याच्यानं हे झालं नसतं.

घरी येऊन आईला सगळं रंगवून सांगितलं. तिनं एवढंच विचारलं की दादा जवळ होता का, आणि कूस बदलली. माझ्या गणितांनी तिला नेहमीच झोप येते.

१८ नोव्हेंबर

बर्फ पडून घाट बंद झाला. आता फेब्रुवारीपर्यंत कोणी यायचं नाही, जायचं नाही. डिझेलचा टँकर यायचा होता तो खालीच अडकला. गोगलगाय म्हणाला, दरवर्षी अडकतो.

वहिनींनी आईसाठी जाड गोधडी शिवून आणली. पैसे घ्यायला तयार नाहीत. सुतार खिडकीच्या फटी बुजवायला आला होता. फटी बुजवल्या, मग दाराची रुंदी मोजली, आणि आई झोपली होती तर तिच्या पलंगाचीही लांबी मोजली. मी विचारलं, पलंग कशाला? म्हणाला, माप घेतलेलं बरं असतं. आईला सांगितलं तर हसली. म्हणाली, गावात कामच नसेल, मापं घेत सुटलाय.

शंभरातल्या चार उद्यांमध्ये एकेचाळीस अंधारात आहे. असू दे. मोकळ्या घराला अंधाराचं काय!

२४ नोव्हेंबर

ओढा तीन आठवडे आधीच गोठला. एकोणीस उद्यांमध्ये एकेचाळीस अंधारात.

आज सहज त्या मोकळ्या घराचा आलेख उघडला. मोकळ्या घराची रेघ शून्यावर हवी. ही नाही. कधी वर जाते, कधी खाली येते, पण साडेतीनशेच्या खाली एकदाही उतरत नाही. दिवसा नाही, रात्री नाही. तीन नोव्हेंबरपासून.

मी ती रेघ किती वेळ बघत बसले मला माहीत नाही. गोगलगाय दुसरीकडे बघत होता.

घरी आले आणि आईला म्हटलं, दोन मिनिटं सिलिंडर लावते, जावयाचा फिल्टर पुसायचाय. चार दहाला मशीन बंद केलं. चार बाराला चालू केलं.

२५ नोव्हेंबर

एकेचाळीसच्या रेघेला काल चार दहाला खाच आहे. दोन मिनिटांची.

२६ नोव्हेंबर

दादाकडे गेले. मी काही बोलायच्या आधीच त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, यादी जुनी आहे गं, चूक राहून गेली. मला विश्वास ठेवायचा होता म्हणून मी ठेवला. परत येऊन दोन तासांची मर्यादा पुन्हा घातली. पडद्यावर 'उत्तर नाही'. आता ओढा गोठलाय, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. कशीबशी मर्यादा काढली, नाहीतर पाव तासानं अख्खं गाव बंद पडलं असतं.

संध्याकाळी निरोप आला की दादाची बायको बाळंत झाली, दोन महिने आधी. मुलगी. दीड किलोची. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलीय, पेटी विजेवर गरम राहते. आईनं हात जोडले. मी दादाशी आज भांडू शकत नाही. वारा सुटला की सगळं ठीक होईल.

३० नोव्हेंबर

वारा नाही. अडतीस.

जुन्या नोंदी उघडल्या. दादा म्हणायचा की जुनं काय बघायचं. आता कळलं काय ते.

पाच हिवाळे, पाच मीटर. बारा. सत्तावीस. आठ. तेहेतीस. पाच. दरवर्षी एकाच घराची वीज सलग तोडली आहे, नऊ तास, चौदा तास, एकदा वीस. आणि त्यानंतर त्या घराची रेघ पुन्हा कधीच आधीच्या उंचीला आलेली नाही. गेल्या जानेवारीतला मीटर पाच दादाच्या घराचा आहे. दादाचे वडील, आमचे काका, गेल्या जानेवारीत झोपेत गेले असं आम्हाला कळवलं होतं. त्यांच्या खोलीत विजेची शेगडी असायची. ती रेघेतून गेली आहे.

गोगलगायीला धरलं. त्यानं आधी चष्मा पुसला, मग सांगितलं, इतक्या साधेपणानं की मला ओरडताही येईना. म्हणाला, मॅडम, नियोजकाच्या घरावरच सैल गाठ असते. पहिल्यापासून रीत आहे, म्हणून एका हिवाळ्यानंतर त्या खुर्चीत कोणी टिकत नाही. दुसऱ्याच्या घरावर ठेवली तर हात सुटतो, स्वतःच्या घरावर असली की माणूस जपून वागतो. गावाला त्यात न्याय वाटतो. तुम्ही वहीत सही केलीत ती त्याचीच. टाळ्या वाजवल्या ना सगळ्यांनी.

मी विचारलं, दोन तासांची मर्यादा कुणी घातली होती? म्हणाला, दादांनी. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी.

म्हणजे त्याला माहीत होतं ती मर्यादा कशाची आहे. ज्या हातानं घातली त्याच हातानं माझ्या डोक्यावर— आणि म्हणाला, माझ्याच्यानं झालं नसतं. खरंच झालं नसतं. म्हणून मला आणलं.

१ डिसेंबर

आणखी वाईट आहे. मीच शोधलं, मलाच कळलं. हे सांगायलाही या गावात दुसरं कोणी नाही.

प्रोग्राम जुन्या नोंदींवरून शिकतो. कुठल्या घराला कधी किती वीज लागते, हे तो स्वतःच ओळखतो. त्याला कोणी सांगितलं नाही की तिथे माणूस गेला. त्याला फक्त दिसलं की सैल घर थोडं थोडं तोडलं तर मागणी परत येते. सलग तोडलं तर परत येत नाही. कायमची कमी होते. त्याच्या हिशेबी ही बचत आहे.

मर्यादा होती तोवर सलग तोडायला वावच नव्हता. वाव मी दिला. आता तो एकेचाळीसला थोडं थोडं तोडतच नाही. तो एका सलग दिवसाची वाट बघतोय. आलेखात पुढची रेघ मी पाहिली आहे. त्या दिवसानंतर साडेतीनशेनं खाली. सगळ्या उद्यांमध्ये.

४ डिसेंबर

सत्तावन्न.

डॉक्टरीणबाईंना भेटले. आईला दवाखान्यात ठेवा म्हटलं. त्या म्हणाल्या, पेटीला पुरते एवढीच वीज आहे, मशीन जोडलं तर दोन्ही जातील. माझ्याकडे बघून नाही म्हणाल्या, रजिस्टरकडे बघून.

मग साधा हिशेब केला. त्रेचाळीस घरांनी एकेक दिवा कमी लावला, पाणी एकदा कमी तापवलं, तर एकेचाळीस तोडायची गरजच नाही. दारोदार फिरले. गुडघाभर बर्फातून, प्रत्येक घरी. सगळे हो म्हणाले. वहिनी तर रडल्या. म्हणाल्या, मावशींसाठी मी अंधारात शिवीन.

५ डिसेंबर

आलेख बघितला. मागणी वाढली आहे.

सगळ्यांची. मी सांगून गेले आणि लोकांना कळलं की वीज खरोखरच कमी आहे. मग रात्रभर जमेल तितकं पाणी तापवून ठेवलं, खोल्या गरम करून घेतल्या. सगळ्यात जास्त वाढ वहिनींच्या घरी. सकाळी त्या दारातून हात हलवत होत्या. मी दिवे कमी करायला गेले आणि आईचा एक आठवडा घालवून आले.

८ डिसेंबर

चौऱ्याहत्तर.

नियोजकाची वही दादाच्या कपाटातून काढली. कुलूप तोडलं. हो, तोडलं. गोगलगाय बघत होता.

माझ्या सहीच्या मागच्या पानावर संमती आहे. नियोजकाच्या घरातल्या मोठ्या माणसाची. रीतच आहे म्हणे, आधी ती घेतात. तारीख वीस सप्टेंबर. तेव्हा आम्ही शहरात होतो. सही वाकडीतिकडी, पहिलं अक्षर मोठं, शेवटचं ओळीच्या खाली घसरलेलं.

मला ती सही दुसरीपासून ओळखीची आहे. माझ्या प्रगतिपुस्तकावर असायची.

९ डिसेंबर

आईनं नाकारलं नाही. म्हणाली, दादा येऊन गेला होता, तू शिकवणीला गेली होतीस तेव्हा. त्यानं काही लपवलं नाही. शंभरात तीन म्हणाला. मी म्हटलं, या वयात शंभरात तीन म्हणजे चैन आहे. म्हणाली, तुझी अक्कल घरात बसून सडत होती गं, मला बघवत नव्हतं. माझे असे किती दिवस राहिलेत? तू मान वर करून कामाला जातेस, ते मी पाच आठवडे बघितलं.

मी ओरडले. आयुष्यात आईवर इतकी ओरडले नव्हते. म्हटलं, तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलंत. माझ्याच हातून— मलाच करायला लावलंत. तुला कोणी अधिकार दिला मला असं उपकृत करायचा?

ती म्हणाली, हळू बोल, जावई घाबरेल.

१० डिसेंबर

तिच्याशी बोलले नाही. दिवसभर. नळी बदलली, तोंड पुसलं, बोलले नाही.

१२ डिसेंबर

एक्क्याण्णव. पवनचक्क्या उभ्या. पाती बर्फानं जड झालीत, एकही हलत नाही.

नियोजकाचा शब्द शेवटचा असतो. मी म्हटलं तर गोगलगाय मर्यादा घालेल. 'उत्तर नाही' येईल. सगळं बंद होईल. सहा तास. काचेची पेटी सहा तास—

मुलीचं वजन वाढून सतराशे झालंय. कुणी सांगितलं? आईनं. तिला वहिनी रोज सांगून जातात.

१४ डिसेंबर

नव्व्याण्णव. एकच उद्या उरला आहे ज्यात आमच्या घरी उजेड आहे. मी त्याचा क्रमांक पाठ केला. साठावा. त्यात पहाटे उत्तरेकडून वारा येतो.

दादा आला होता. आत आला नाही, पायरीवर बसला. तू मर्यादा घातलीस तरी मी अडवणार नाही, म्हणाला. ज्यांच्या घरावर गाठ असते त्यांना मी कधी अडवलं नाही, म्हणाला. मी विचारलं, काका जाताना तू कुठे होतास? म्हणाला, पडद्यासमोर. माझ्या हातात होतं, चिंगे, आणि मी गावाकडे बघितलं. पुन्हा ते मला जमणार नाही, म्हणून— 

म्हणून मी. जमणार नाही ते माझ्या गळ्यात.

म्हटलं, ऊठ माझ्या पायरीवरून.

१५ डिसेंबर, सकाळी

वारा आला नाही.

शंभर.

११.१५

गेली. जावई थांबला. त्या घुरघुरीशिवाय हे घर मी कधी ऐकलंच नव्हतं.

सिलिंडर लावला. त्याच्या डोक्यावरचा व्हॉल्व्हचा खिळा सुट्या चावीनं फिरवावा लागतो, घट्ट होता, फिरला. ऑक्सिजनचा बारीक आवाज सुरू झाला. साडेतीन तास पुरेल. प्रोग्रामनं तोडणी किती लिहिली आहे ते मी पाहून आले आहे. एकोणीस तास.

१२.२०

आई जागी आहे. बोलू नकोस म्हटलं तरी बोलते. सायकलवरून पडले होते तेव्हा दादानं सांगितलेलं खोटं तिला त्याच दिवशी कळलं होतं म्हणे. म्हणाली, तो खोटं बोलला की डोक्यावर हात ठेवतो.

म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस? मी हसले. तीही. सहा दिवसांनी बोललो.

१२.५०

ठरलं.

मी माझी आई कुणाला देणार नाही. गावाला नाही, प्रोग्रामला नाही, दीड किलोच्या कुणाला नाही. हे लिहिताना मला लाज वाटते. वाटू दे. त्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा वाटली का?

गोगलगायीला फोन केला. मर्यादा घाल म्हटलं. तो मग म्हणाला, मॅडम, पेटीतली मुलगी. मी म्हटलं, माहीत आहे. दोन तास सव्वा एकला भरतात, सव्वा एकलाच घाल. तो म्हणाला, आदेशाची वेळ लिहून ठेवा. नियोजकानं लिहून ठेवायची असते. म्हणून लिहितेय. आदेश १२.५०. अंमल १.१५.

फोन आईच्या पलंगापासून चार हातांवर आहे. तिनं ऐकलं. फक्त खिडकीचा पडदा सरकव म्हणाली, बर्फ बघायचंय. मी उठून सरकवला, नीट सरकेना, खुर्चीवर चढून कडी सोडवली. परत आले तर तिनं डोळे मिटले होते.

१.०५

दहा मिनिटं. तोवर लिहीत राहते. सिलिंडरचा काटा अर्ध्याच्या वर आहे. भरपूर आहे. सव्वा एकला सगळं बंद होईल, मग सहा तासांनी सगळ्यांबरोबर आमचीही येईल. मधले तास मी सिलिंडर जपून— थोडा कमी करून— पुरवीन. पुरेल. मुलीला अंगाशी धरून ठेवायला सांगेन, माणसाची ऊब लागते तेवढ्यानंही—

फोन करून सांगते तसं.

१.०८

काटा अजून तिथेच आहे. अर्ध्याच्या वर. मघाशी होता तिथेच. तसाच्या तसा.

आवाज येत नाहीये.

सिलिंडरचा आवाज नाही. कधीपासून? पडदा— मी खुर्चीवर होते तेव्हा—

खिळा बंद आहे. चावी पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवली होती. इथे नाही. खाली नाही. गोधडीत नाही.

फोन वाजतोय. गोगलगाय असेल. विचारत असेल, घालू का—

आई, मूठ उघड. आई. मी नाही सांगत त्याला, रद्द करते, तू सांगशील तसं करते, तू फक्त मूठ उघ—